भोंगेबुवा

"मम्मी, आवाज कमी करू का?" रेणुकानं विचारलं.

मी खाली बसून मेथी निवडत होते. जुडी हातात तशीच राहिली होती.

"नको," मी म्हटलं. "पुन्हा वाजव."

"काय पुन्हा वाजव?"

"आत्ता वाजला तो भोंगा."

रेणुका माझी सून. बँकेत चांगल्या हुद्द्यावर होती, दहा माणसं तिच्या हाताखाली. पण रविवारी दुपारी जेवणं झाली की ती टीव्हीला कसलीशी वायर जोडून, पाय वर घेऊन गेम खेळायला बसायची. सुरुवातीला मला ते विचित्र वाटलं होतं. एकदा मी म्हटलंही होतं, "रेणू, आमच्या वेळी सुना दुपारी पापड लाटायच्या." त्यावर ती म्हणाली होती, "आणि सासवा निजायच्या. तुम्ही निजा ना!" तेव्हापासून आमचं बरं जमलं होतं. ती खेळायची, मी भाजी निवडायची, आणि तिचा माणूस मेला की मी विचारायची, "आता परत जन्म कधी?"

तिनं हातातल्या यंत्राची दोन-चार बटणं दाबली. पडद्यावरचा कंदील घेतलेला मुलगा मागे फिरला आणि एका फाटकापाशी येऊन थांबला. भोंगा पुन्हा वाजला.

आधी घसा खाकरल्यासारखा खरखरला. मग चढत गेला, चढत गेला, आणि ऐन वर पोचल्यावर मध्येच तुटला. दम घेतल्यासारखा. मग पुन्हा चढला.

"असला कसला भोंगा!" रेणुका हसली. "बनवणाऱ्याकडे धड भोंगाही नव्हता वाटतं."

जगात एवढे कारखाने, एवढे भोंगे. एखादा तुटत असेल मध्येच. पण मेथी काही निवडवेना. मी उठून सोफ्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले.

"काय करायचं असतं यात?"

"गाव विझलेलं आहे. या पोराला एकेका माणसाला शोधून त्याच्याकडून फुंकर घ्यायची आहे. फुंकरी जमल्या की मग काय ते अजून कळलं नाही मला. सगळे म्हणतात छान आहे, पण मी इथेच अडकलेय. आणि ही जमीन बघा, सगळीकडे चकचक. ग्राफिक्सचा घोळ आहे."

मी पडद्याकडे पाहिलं. दोन बाजूंना बैठ्या चाळी, मधून मातीचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर कंदिलाचा उजेड पडला की बारीक बारीक काहीतरी चमकत होतं.

"घोळ नाही," मी म्हटलं. "काचेचा चुरा आहे तो."

"तुम्हाला काय माहीत?"

"पोराच्या पायात बघ. वहाणा आहेत की नाही?"

तिनं बघितलं. होत्या.

आमच्या मुंढेवणात कुणी अनवाणी चालत नसे. काचेचा कारखाना होता आमच्याकडे. कंदिलाच्या काचा व्हायच्या, दिव्यांच्या चिमण्या व्हायच्या, औषधांच्या बाटल्या व्हायच्या, आणि हे सगळं तोंडानं. लांब लोखंडी फुंकणीच्या टोकाला वितळलेला रस घ्यायचा आणि गाल फुगवून फुंकायचं. माझे वडील, आबा, फुंकणीवर होते. घरी आल्यावरही त्यांचे गाल सैल लोंबलेले असायचे. फुटका माल गाडीनं कारखान्यामागे टाकत, आणि वाऱ्यापावसानं त्याचा चुरा गावभर पसरलेला असे.

पण काचेचे कारखानेही जगात पुष्कळ असतील, असं मी मनाशी म्हटलं.

"इथे अडकलेय मी," रेणुका म्हणाली. पोरगा एका हिरव्या दारासमोर उभा होता. दाराच्या वर धुराडं. "हे दार उघडतच नाही. सगळ्या गावाच्या फुंकरी गोळा केल्या तरी उघडत नाही. आत काय आहे कुणास ठाऊक."

"आत भोंगेबुवा असेल," मी म्हटलं.

अगदी सहज म्हटलं. गमतीनं. साठ वर्षांत तो शब्द माझ्या तोंडी आला नव्हता, आणि हिरवं दार पाहिल्याबरोबर आला.

रेणुका इकडे तिकडे बटणं दाबत होती. कसं ते तिलाही कळलं नाही, पण पोरानं कंदील खाली ठेवला, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि फुंकर मारली. दार उघडलं.

आत अंधारात एक म्हातारा मांडी घालून बसला होता. अंगावर फक्त धोतर. त्याचे गाल एवढे मोठे होते की त्याच्या मांडीवर आले होते. त्याच्या तोंडात एक लोखंडी नळी, आणि ती नळी वर धुराड्यात गेलेली. खाली इंग्रजी अक्षरं उमटली. रेणुकानं ती वाचली, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला.

"भोंगेबुवा."

हातातलं यंत्र खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "मम्मी, तुम्ही हा गेम आधी पाहिलाय?"

मेथीचा एक देठ माझ्या मुठीत चुरगळून गेला होता.

"मम्मी! पाणी आणू का? काय होतंय?"

"रेणू," मी म्हटलं, "हा माणूस मी बनवलाय."

तिला वाटलं, माझं डोकं फिरलं.

मग मी तिला सांगितलं. माझा धाकटा भाऊ दिगू, दिगंबर, लहानपणी भोंग्याला फार भ्यायचा. भोंगा मध्येच तुटला की हा किंचाळायचा. एकदा मी त्याला कडेवर घेऊन बॉयलरच्या हिरव्या दारापाशी नेलं आणि सांगितलं, आत एक म्हातारा बसलेला असतो, भोंगेबुवा. आबा जसे काच फुंकतात तसा तो भोंगा फुंकतो. म्हातारा आहे ना, म्हणून मध्येच त्याला दम लागतो. तू इथून फुंकर दे, म्हणजे त्याला बरं वाटेल. दिगूनं दाराच्या फटीला तोंड लावून फुंकर दिली. त्यानंतर त्याची भीती गेली. रोज दुपारी माझं बोट धरून तो फुंकर द्यायला यायचा. कुणाला सांगायचं नाही, असं मी बजावलं होतं, कारण बॉयलरकडे पोरांनी जायचं नसे. आईला कळलं असतं तर तिनं मला फोडून काढलं असतं. त्यामुळे हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी आजवर ना माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, ना मुलाला.

"पण मम्मी," रेणुका हळूच म्हणाली, "दिगूमामा तर..."

तिला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. खेड्यापाड्यांत वीज आली, कंदील माळ्यावर गेले आणि आमचा कारखाना बसला. दिगू अठरा वर्षांचा होता. आबा म्हणत, भट्टी परत पेटेल, थांब. दिगू म्हणे, विझलेल्या भट्टीपुढं किती बसायचं? एक दिवस दोघांची जोरात जुंपली आणि तो दोन पोरांबरोबर उत्तरेकडं कुठल्याशा काचेच्या कारखान्यात निघून गेला. पुढच्या वर्षी त्यांतला एक परत आला. त्यानं सांगितलं, तिथली भट्टी फुटली, माणसं भाजली, दिगूचा पत्ता नाही. आबा जाऊन शोधून आले. पत्ता नाही.

आबांनी ते मनाला लावून घेतलं आणि दोन वर्षांत तेही संपले. दिगू गेल्यावर माझं लग्न होऊन मी पुण्याला आले होते. मी आईला माझ्याकडे घेऊन आले. पण तिनं दिगूच्या फोटोला हार घालू दिला नाही. "पत्ता नाही म्हणजे मेला नाही," एवढंच म्हणायची. दाराची बेल वाजली की भाजी परतताना हातात उलथनं घेऊन तीच पुढे. दूधवाला असो की पेपरवाला. उघडायची, बघायची आणि काही न बोलता आत यायची. अशी तेरा वर्षं.

"रेणू," मी म्हटलं, "पुढे चल. त्या म्हाताऱ्याला सोड आणि उजवीकडे वळ."

"उजवीकडे काय आहे?"

"नळ असेल. नळाच्या पुढे पिंपरणीचं झाड. मग तिसऱ्या चाळीचं कोपऱ्याचं दार."

तिनं पोराला वळवलं. नळ होता. झाड होतं. झाड चुकीचं काढलं होतं, पिंपळाची पानं लावली होती त्याला, पण होतं. कोपऱ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. पोरगा आत गेला आणि त्यानं कंदील वर धरला.

चूल. मांडणी. मांडणीवर उपडे ठेवलेले काचेचे पेले, आबा कारखान्यातून आणायचे तसे किंचित हिरवट. आणि समोरच्या भिंतीवर तीन फोटो. तिन्हींना हार.

पहिला फेट्यातल्या माणसाचा. दुसरा नाकात नथ घातलेल्या बाईचा. तिसरा दोन वेण्या वर बांधलेल्या मुलीचा.

रेणुकानं पोराला जवळ नेलं. फोटोंखाली अक्षरं आली. तिनं वाचली, "आबा. आई." मग ती थांबली.

"वाच ना," मी म्हटलं.

"अक्का."

मला दिगू अक्का म्हणायचा. 

आपल्याच फोटोला हार घातलेला पाहणं म्हणजे काय, ते मला नीट सांगता यायचं नाही. मी माझ्या दंडाला चिमटा काढला, हे मात्र आठवतं. रेणुका माझ्याकडे बघत होती आणि मी त्या वेण्यांकडे. वरच्या माळ्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली, आणि त्या आवाजानं आम्ही दोघीही दचकलो.

"मम्मी, हे कुणी बनवलंय ते मी शोधते," ती म्हणाली. "आत्ता शोधते."

बनवणाऱ्यांनी स्वतःचं नाव दिलं नव्हतं, नुसतं 'चिमणी' असं लिहिलं होतं. रेणुकानं त्यांना कॉम्प्युटरवरून निरोप पाठवला. काय लिहिलंस विचारलं तर म्हणाली, "लिहिलं की तुमच्या तिसऱ्या फोटोतल्या बाई माझ्या शेजारी बसल्यात आणि पिंपरणीचं झाड चुकलंय म्हणतात."

दोन दिवस काही आलं नाही. त्या दोन दिवसांत मी जे जे विचार केले ते सगळे खोटे ठरले. दिगूबरोबर गेलेल्या कुणाला तरी त्यानं मरण्याआधी ही गोष्ट सांगितली असेल, इथवर मी येऊन ठेपले होते. त्यापुढे जायची मला छाती नव्हती. माझा मुलगा म्हणाला, "आई, आशा लावून घेऊ नकोस." मी म्हटलं, "मी कुठे लावतेय?" आणि बेल वाजली तशी उठून दार उघडायला गेले. इस्त्रीवाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. रेणुकानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावून टेबलावर ठेवला. पलीकडे एक मुलगी होती. मराठी बोलत होती, पण वळण गुजराती.

"मी तेजल बोलते, बडोद्याहून. हा गेम मी आणि माझ्या दोन मित्रांनी केला. तुम्ही कोण?"

"आधी तू सांग," मी म्हटलं. "भोंगेबुवा तुला कुणी सांगितला?"

"माझ्या बाबांनी. लहानपणी मी जेवत नव्हते ना, तर ते सांगायचे. त्यांच्या अक्कानं त्यांना सांगितलेली गोष्ट आहे."

"तुझे बाबा..." रेणुकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझे बाबा कुठे आहेत?"

"इथेच आहेत. समोर. पण ते म्हणतात की कुणीतरी थट्टा करतंय. माझी आत्या मी जन्मायच्या आधीच वारली. दरवर्षी सर्वपित्रीला आम्ही तिचं पान वाढतो."

"त्याला फोन दे."

"ते घेत नाहीत."

"त्याला म्हणावं," मी म्हटलं, आणि माझ्या तोंडून साठ वर्षांपूर्वीचा आवाज निघाला, "दिग्या, मुकाट्यानं इकडे ये, नाहीतर आईला सांगेन तू बॉयलरकडे जातोस ते!"

पलीकडे काहीतरी पडलं. भांडं की खुर्ची, कळलं नाही. मग श्वास ऐकू आला. नुसता श्वास, बराच वेळ.

"अक्का?"

म्हाताऱ्याचा आवाज होता. मी अठरा वर्षांच्या पोराची वाट बघत होते, आणि हा कुणी घोगरा म्हातारा मला अक्का म्हणत होता.

"हो रे."

"तू मेलेली आहेस."

"नाही रे बाबा. मेथी निवडतेय."

तो हसला की रडला ते मला आजही सांगता येणार नाही. मग म्हणाला, "इतकी वर्षं तुझं पान वाढतोय मी. पुरणपोळी, कटाची आमटी, तुला आवडतात म्हणून गव्हल्यांची खीर."

"गव्हल्यांची खीर तुला आवडायची, मला नाही. कावळा तरी शिवायचा का?"

"लगेच शिवायचा."

"मेला खोटारडा."

रेणुका तोंडाला पदर नाही म्हणून ओढणी लावून हसत होती आणि डोळे पुसत होती. आम्ही दोघंही मग एकदमच बोलू लागलो. तो भट्टी फुटायच्या आठवडाभर आधीच मुकादमाशी भांडून तिथून निघाला होता, गावोगाव फिरत बडोद्याला आला होता, तिथेच लग्न केलं होतं.

"पण मी मेले असं तुला सांगितलं कुणी?" मी विचारलं.

"मी आलो होतो, अक्का. मुंढेवणात."



"कधी?"

"गेल्यावर सहा-सात वर्षांनी. पहिला चांगला पगार झाला तेव्हा. आईला लुगडं घेतलं होतं. स्टेशनावर उतरलो तर गावात चिटपाखरू नाही. चाळींची दारं काढून नेलेली. धुराडं तेवढं उभं. एकट्या पीठवाल्या बाबूरावांची गिरणी चालू होती. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि मी पण नाव सांगितलं नाही. पळून गेलेला पोरगा, कुठल्या तोंडानं सांगणार? फुंकणीवरच्या शेवाळ्यांच्या ओळखीचा आहे म्हटलं. विचारलं, शेवाळे आहेत का? म्हणाले, गेले. बाई? म्हणाले, त्याही गेल्या. आणि मुलगी? म्हणाले, ती तर आधीच गेली. मग म्हणाले, सगळेच गेले बाबा, कोण राहिलंय इथं! त्याआधी खालच्या गावांत पटकीची साथ येऊन गेली होती, ते मी गाडीत ऐकलं होतं. मला वाटलं, तिघांनाही एकदमच... पुढच्याच गाडीनं परत फिरलो, अक्का. लुगडं डब्यातच राहिलं."



बाबूराव खोटं बोलले नव्हते. त्या सुमाराला मुंढेवणात कुणाचंही नाव घेतलं की लोक एवढंच म्हणत, गेले. कुणी मुंबईला गेलेला असे, कुणी भोसरीला, कुणी लेकीकडे, कुणी स्मशानात. सगळ्यांना एकच शब्द. गावच एवढं ओसाड झालं होतं की पुढचं सांगायचा कंटाळा यायचा. आबा गेले ते गेलेच होते. मी गेले ती लग्न होऊन. बाबूरावांना सगळं ठाऊक होतं. निघताना आईनं त्यांना दहादा सांगून ठेवलं होतं, पुण्याला लेकीकडे चाललेय, दिगू आला तर तिकडे धाडा. त्यांनी ते नक्की सांगितलं असतं. दिगूनं नुसतं एकदा विचारायचं होतं. पण गेली म्हटल्यावर पुढे 'कुठे?' असं कोण विचारतं?

दिगू ज्या दिवशी लुगडं घेऊन मुंढेवणाच्या स्टेशनावर उतरला, त्या दिवशी आई इथे, याच घरात होती. माझ्या मुलाला मांडीवर घेऊन बसली असेल, नाहीतर दार उघडायला उठली असेल. त्यानंतरही ती कितीतरी वर्षं होती.

हे सगळं माझ्या डोक्यात येईपर्यंत दिगूच्याही डोक्यात काहीतरी आलं असावं. त्याचा आवाज बदलला.

"अक्का, तू तर आहेस. म्हणजे ती साथ वगैरे नव्हतीच."

"नव्हती."

"मग बाबूराव म्हणाले ते... तू गेलीस म्हणजे सासरी."

"हो."

"आणि आई?"

रेणुकानं माझ्याकडे पाहिलं. समोरच्या भिंतीवर आईचा फोटो होता, मांडीवर माझा मुलगा, चांगला पाच वर्षांचा, दोघांच्याही तोंडाला श्रीखंड. रेणुका उठली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिनं तो फोटो खिळ्यावरून उतरवला आणि पालथा करून कपाटात ठेवला.

"अक्का, बोल की. मी आलो तेव्हा आई..."

दिगू पुढे दिवाळीला आला. मग दरवर्षी येत राहिला. आम्ही दोघं एकदा मुंढेवणाला जाऊन त्या पडक्या धुराड्याखाली चहाही पिऊन आलो. तो गेला त्याला आता दोन वर्षं झाली, म्हणून हे आज लिहिते आहे. त्या सकाळी फोनवर तो सत्तरीला टेकलेला माणूस होता, आणि त्याला एका शब्दाचं उत्तर हवं होतं.

"तू आलास तेव्हा," मी म्हटलं, "आई गेली होती रे."

पलीकडे त्यानं इतका लांब श्वास सोडला, की टेबलावरचा फोन खरखरला. रेणुका माझ्याकडे पाठ करून कपाटाचं दार धरून उभी होती. मी फोनकडे बघत बसले होते, जीव मुठीत धरून.

त्यानं 'कुठे?' असं विचारलं नाही.